बिनआवाजाचा कूलर

माणसाने आयुष्यात एकदा तरी स्वतःच्या हातांनी कॉम्प्युटर जोडावा आणि मग त्याबद्दल गप्प बसावं. यातला पहिला भाग मला जमला.

तो मी कन्येसाठी जोडला होता. ती शिकायला वसतिगृहात जाणार, तिथे खोली लहान, टेबल लहान, म्हणून मी बुटांच्या खोक्याएवढ्या डब्यात अख्खा कॉम्प्युटर बसवला. बॅगेत मावला पाहिजे, ही त्यामागची दूरदृष्टी. निघायच्या दिवशी कन्येच्या बॅगेत दोन उशा, एक आरसा आणि केस वाळवायचं यंत्र मावलं, कॉम्प्युटर तेवढा राहिला. "बाबा, तो तुमच्याकडेच शोभतो," असं म्हणून ती गेली. तेव्हापासून तो आमच्या झोपायच्या खोलीत टेबलावर शोभतो आहे आणि आल्यागेल्याला मी तो दाखवतो. त्याचा पंखा आवाज करायचा, हे खरं. पण घरात काहीतरी आवाज हवाच. पूर्वी हे काम माझ्याकडे होतं. रोज सकाळी बाथरूमच्या दारावर थापा मारत "आटप लवकर, बस चुकेल!" असं मी ओरडायचो. कन्या गेल्यावर ते खातं पंख्याकडे गेलं, एवढंच.

आता बायकोविषयी. तिला मोठ्याने वाचायची सवय आहे, आणि ती वाचते सुरेख. कन्या लहान होती तेव्हा तिला गोष्टी वाचून दाखवायची, मोठी झाल्यावर तिच्या मागे मागे फिरून वाचून दाखवायची. कन्या गेल्यावर ऐकणारं कोणी उरलं नाही. मी आहे, पण मी ऐकताना पेंगतो असा माझ्यावर जुना आरोप आहे. काही दिवस तिने माझ्या आईला औषधांबरोबर येणारी माहितीची पत्रकं वाचून दाखवली. आई डोळे मिटून ऐकायची आणि 'पुढे काय झालं?' असं विचारायची.

मग पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका स्टुडिओचा पत्ता तिला कुठूनतरी लागला. घरी बसून वाचायचं आणि ध्वनिमुद्रण पाठवायचं. तिने माइक आणला, माझ्या कॉम्प्युटरला जोडला, नमुना पाठवला. स्टुडिओच्या बाईंचा फोन आला.

"आवाज फार गोड आहे हो तुमचा. आमच्याकडे बाप-लेकीची एक मोठी कादंबरी आहे, तिला अगदी असाच आवाज हवा होता. पण मागे कोणी शिवणयंत्र चालवतंय का?"

आईने हे ऐकलं आणि ती जी बिथरली ती दोन दिवस. "मी मशीनला हातसुद्धा लावला नव्हता! बटण लावत होते, तेही सुईने!" तिला समजावता समजावता पुरेवाट झाली.

बाईंनी कादंबरीची प्रत पाठवायचं कबूल केलं आणि महिनाअखेरपर्यंत मुदत दिली. तोवर पहिल्या प्रकरणाचं स्वच्छ ध्वनिमुद्रण आलं तर ठीक, नाहीतर कादंबरी दुसऱ्या कोणाला तरी द्यावी लागेल. बायकोने फोन ठेवला, माइकची वायर गुंडाळली आणि म्हणाली, "जाऊ दे. नाहीतरी हौसच होती."

ही बाई बसमध्ये खिडकीची जागासुद्धा कधी जाऊ देत नाही. तिने इतक्या सहज 'जाऊ दे' म्हणावं, हे मला अजिबात आवडलं नाही. शिवाय आवाज माझ्या कॉम्प्युटरचा होता.

"मुळीच जाऊ द्यायचं नाही," मी म्हणालो. "मी त्याला गप्प करून दाखवतो."

"त्यापेक्षा कॉम्प्युटर बाहेर ठेव आणि लांब वायर आण," आई म्हणाली. पण लांब वायरमध्ये खरखर येते, असं स्टुडिओने आधीच बजावून ठेवलं होतं. देव पाठीशी असतो तो असा.

इथे थोडं शास्त्र सांगावं लागेल. कूलर म्हणजे खोलीत पाणी भरून ठेवतात तो नव्हे. कॉम्प्युटरचा मेंदू काम करताना तापतो, म्हणून त्याच्या डोक्यावर धातूच्या पात्यांचा एक गठ्ठा ठेवतात आणि गठ्ठ्यावर पंखा. तो हा कूलर. माझ्या कॉम्प्युटरमधला कूलर डब्याबरोबर फुकट आलेला होता आणि फुकट आलेल्या पाहुण्यासारखा तो अखंड बोलत असे. चांगला कूलर उंच असतो, त्याचा पंखा मोठा असतो आणि मोठा पंखा सावकाश, बिनआवाजी फिरतो. चपट्या कूलरचा पंखा लहान, त्याला तेवढाच वारा घालायला जिवाच्या आकांताने फिरावं लागतं. माझा डबा लहान. तेव्हा झाकण लागेल इतका बुटका आणि आवाज येणार नाही इतका उंच, असा कूलर शोधायचा होता. वधूवरांच्या बाबतीत लोक असल्या अटी घालतात तेव्हा मी त्यांना हसत आलो आहे.

कॉम्प्युटर तापतो, हे इमारतीत कसं पसरलं कोण जाणे. वरच्या मजल्यावरचे काका लगेच खाली आले. त्यांची सगळी नोकरी एका कारखान्याच्या बॉयलरवर गेली, त्यामुळे जगात कुठेही काहीही तापलं की तो आपला विषय आहे असं ते मानतात. त्यांनी डब्याला कान लावला, डोळे मिटले, मान हलवली.

"बेअरिंग गेलंय."

काकांचं निदान नेहमी बेअरिंगच असतं. मागे माझा गुडघा कुरकुरत होता तेव्हाही त्यांनी गुडघ्याला असाच कान लावला होता.

"काका, बेअरिंग नाही, कूलर लहान आहे."

"अरे, आमच्या बॉयलरला काय कूलर होता? धुराडं होतं! डब्याला धुराडं कर. उष्णता वर जाते."

"वर तुम्ही राहता, काका."

यावर त्यांनी धुराड्याचा आग्रह सोडला.

मग मेहुण्याचा फोन. बायकोच्या या धाकट्या भावाला सगळ्या विषयांतलं शेवटचं पान माहीत असतं. "भाऊजी, पाण्यावर चालणारा घ्या. नळ्या असतात, त्यातून पाणी फिरतं. सगळं जग आता पाण्यावर गेलंय."

"तुझा कुठला आहे?"

"माझ्याकडे कॉम्प्युटर नाही. मी वाचतो फक्त."

सगळे सल्ले पोटात घालून मी शेवटी डब्याच्या आतली उंची मोजायला घेतली. काकांकडे पोलादी टेप आहे, पण ती मागितली असती तर काका टेपेबरोबर आले असते. म्हणून मी आईची शिवणाची टेप घेतली आणि इथेच सगळं चुकलं.

या टेपेविषयी सांगितलं पाहिजे. तिचं सुरुवातीचं टोक फार पूर्वी झिजून फाटलं, तेव्हा आईने ते दोनच्या आकड्यावर कापून टाकलं. आमची टेप दोनपासून सुरू होते. नवी घ्यायचा प्रश्न कधी आला नाही, कारण घरातला कायदा सोपा आहे: माप घ्या आणि दोन वजा करा. माझे शाळेचे शर्ट, कन्येचे फ्रॉक, सगळे पडदे या कायद्याने शिवले गेले. असे शर्ट घालून मी लहानाचा मोठा झालो. टेप सात दाखवत होती. मी सात लिहून घेतले, साडेसहा सेंटिमीटरचा कूलर मागवला आणि तो आल्यावर त्याच्या सौंदर्याकडे बराच वेळ बघत बसलो. तो बसवला. फिरवला. आवाज शून्य. झाकण लावायला गेलो तर ते कूलरवर टेकून वरच राहिलं.

आई सुई ओवत होती. तिने वरसुद्धा पाहिलं नाही.

"दोन वजा केलेस का?"

काही प्रश्न उत्तरासाठी नसतातच.

झाकण उघडं ठेवून चालेल का, असं बायकोने विचारलं. पण ती विचारेपर्यंत आईने त्यात पडलेला दोरा काढायला बोट घातलं आणि किंचाळली, तेव्हा तो मार्ग बंद झाला.

कूलर परत करायला मी कुरिअरच्या ऑफिसात गेलो. निघताना कूलरचं मूळ खोकं मिळेना. ते आईने बटणं ठेवायला घेतलं होतं, कप्पे छान होते म्हणून. बटणं ओतून घेताना तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने लोक घर रिकामं करायला आलेल्या माणसाकडे पाहतात.

खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "परत का करताय?"

"बसत नाही."

त्यांनी पडद्यावर खालीवर पाहिलं. "विजेच्या वस्तूंना ते कारण नाही. खराब निघाली का?"

"नाही."

"भलतीच वस्तू आली?"

"नाही. मीच भलती मागवली."

"असं कारण नसतं," ते दुःखाने म्हणाले. मग त्यांचा चेहरा उजळला. "'मापात बसत नाही' हे कपड्यांना आहे. कपडे म्हणून घेऊ का?"

मागे रांग वाढत होती. मी म्हणालो, घ्या.

"घालून पाहिलाय?"

"एकदाच."

त्यांनी तपासणीसाठी खोकं उघडलं. आत कोपऱ्यात एक निळं बटण राहिलं होतं. ते उचलून त्यांनी माझ्यासमोर धरलं. "बघा, बटणही तुटलंय." पण माणूस भला, त्यांनी ते चालवून घेतलं. संध्याकाळी कंपनीतून एका मुलीचा फोन आला, "सर, एक नंबर लहान पाठवू का? रंग तोच ठेवायचाय?"

या वेळी मी धोका पत्करणार नव्हतो. मी बायकोला मोजायला लावलं. "पाच," ती म्हणाली. मी जबाबदार माणसासारखे दोन वजा केले आणि तीन सेंटिमीटरचा कूलर मागवला.

तो आला तेव्हा दाढीच्या साबणाच्या डबीसारखा चपटा होता. झाकण लागलं, टक्कन लागलं. त्या आवाजाने मला जो आनंद झाला तो बटण दाबेपर्यंत टिकला. कॉम्प्युटर चालू झाला, जरा तापला, आणि त्या चपट्या पंख्याने अशी शिट्टी धरली की आईने कानांवर हात ठेवले. जिन्यात धावण्याचा आवाज झाला. काका एका पायात चप्पल घालून दारात उभे होते.

"व्हॉल्व्ह उघडा! दाब वाढलाय!"

बटण बंद केल्यावर ते भानावर आले. मग त्यांना पाणी दिलं, आणि घरात चौकशी बसली.

"पाच म्हणालीस ना?"

"पाचच आहेत. सात होते, मी दोन वजा केले."

"मीही केले."

"मनातल्या मनात मीसुद्धा केले होते," आई म्हणाली. "पण मी म्हटलं, आपण कशाला मध्ये बोला."

बायको हसली नाही. एरवी ती हसून लोळली असती. तिने कपाटावर ठेवलेल्या माइकच्या खोक्याकडे पाहिलं आणि पडदा सारखा करू लागली. महिना संपत आला होता. मला तेव्हा स्वतःचा मनापासून राग आला आणि मी काकांची पोलादी टेप मागितली. काका टेपेबरोबर आले, आणि मी त्यांना येऊ दिलं. खरोखरच पाच भरले.

कुरिअरच्या खिडकीतल्या गृहस्थांनी मला ओळखलं. "आता काय, घट्ट होतो?"

"हो. मधलं माप हवंय."

"होतं हो. या वयात अंग भरतंच," ते म्हणाले आणि शिक्का मारला.

सत्तेचाळीस मिलिमीटरचा कूलर मुदत संपायच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी आला. मी तो हातात घेतला आणि मला कळलं की हाच तो. कूलर बसवण्यापूर्वी मेंदूच्या माथ्यावर एक पांढरी पेस्ट लावायची असते, तिच्यामार्फत उष्णता कूलरमध्ये चढते. नळीत ती एकदाच पुरेल इतकी होती. मी ती प्रेमाने पसरली आणि तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला. पाण्याचा घेतला नाही म्हणून त्याला वाईट वाटलं होतं. त्याची समजूत घालून मी परतलो, कूलर ठेवला, स्क्रू पिळले, झाकण लावलं. शांतता! बायको माइकसमोर बसली, पाणी प्यायली, तिने वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या परिच्छेदात कॉम्प्युटर तापून आपोआप बंद पडला.

पुन्हा लावला. पुन्हा बंद.

"आई," मी म्हणालो, कारण मला एकदम शंका आली. "तू याला हात लावलास?"

"हात कसला? वर काहीतरी पांढरी घाण लागली होती. चांगली पुसून दिली. तुमचं लक्ष कुठे असतं!"

रविवार. दुकानं बंद. बायको खुर्चीत तशीच बसून होती, पुस्तक मिटून त्यात बोट ठेवून. मी मेहुण्याला फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपण होऊन सल्ला विचारला.

तो एकदम गहिवरला. मग म्हणाला, "भाऊजी, टूथपेस्ट लावा. वाळेपर्यंत चालते. मी वाचलंय."

मी लावली. ते चक्क चाललं. खोलीभर पुदिन्याचा वास पसरला, कॉम्प्युटर गार राहिला आणि कूलर इतका गप्प होता की तो फिरतो आहे की नाही हे मला वाकून बघावं लागलं. तापमानावर नजर ठेवायला म्हणून मी पलंगाच्या कडेवर बसलो. बायकोने "हूं की चूं करायचं नाही" असं बोटानेच बजावलं आणि वाचायला लागली.

त्या कादंबरीतला बाप लेकीला दूरच्या गावी सोडून घरी येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी उठतो, टॉवेल खांद्यावर टाकतो, आणि सवयीने बाथरूमच्या बंद दारावर थाप मारून म्हणतो, "आटप गं, बस चुकेल." मग आत कोणी नाही हे त्याच्या लक्षात येतं, आणि तो टॉवेल घेऊन तसाच उभा राहतो.

मी पडद्यावरच्या आकड्यांकडे बघत राहिलो. आकडे ठीक होते. मी पेंगलो नाही, एवढं नोंदवून ठेवतो.

ध्वनिमुद्रण पाठवलं. सोमवारी सकाळी फोन वाजला तेव्हा बायकोचे हात ओले होते, म्हणून तिने कोपराने तो मोठ्याने ऐकू येईल असा लावला. मी शेजारीच दाढी करत होतो.

"छान झालंय हो," बाई म्हणाल्या. "मागचं शिवणयंत्र गेलं. फक्त एका ठिकाणी गडबड आहे. ते बाथरूमच्या दाराचं वाक्य आहे ना, त्याच्यानंतर काहीतरी जोरात ओढल्यासारखा आवाज आलाय. फुर्रर असा. काय आहे ते?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. म्हणजे तिला माहीत होतं. तिने ते तिथल्या तिथे ऐकलं होतं आणि चकार शब्द काढला नव्हता.

"तो आमचा कॉम्प्युटर आहे," ती म्हणाली. "मधेच करतो तसं. जुना झालाय."

बायको नवऱ्याची लाज राखते ती कशी, हे मी ऐकून होतो, त्या दिवशी पाहिलं. मला गप्प बसायला काहीच हरकत नव्हती.

"अरे देवा," बाई म्हणाल्या. "मशीनच असं करत असेल तर अवघड आहे. पूर्ण कादंबरी आहे हो, दर पानाला कापाकापी कशी करणार? मग दुसऱ्या कोणाला तरी..."

"मशीन नाही!" मी ओरडलो. अर्ध्या गालाला साबण, हातात वस्तरा. "त्या कूलरमधून आवाज येणं शक्यच नाही! सत्तेचाळीस मिलिमीटरचा आहे तो! मी रडत होतो! नाक माझं होतं!"

स्वयंपाकघरात आईने नळ बंद केला.

"कोण बोलतंय?" बाईंनी विचारलं.

"आमचे हे," बायको अगदी हळू म्हणाली.

"कुठल्या शब्दाला रडू आलं त्यांना?"

मी खोटं बोलणार होतो, पण साबण तोंडात गेला होता. "'बस चुकेल' म्हणतो तिथे."

"मलाही तिथेच आलं," बाई म्हणाल्या. "तेवढं वाक्य परत वाचून पाठवा. पुस्तक तुमचंच. फक्त यजमानांना बाहेर बसवा."

तेव्हापासून असं चाललं आहे. टूथपेस्ट काढून मी चांगली पेस्ट लावली, आईला ती दाखवून, तिच्याकडून वचन घेऊन. रोज सकाळी बायको दार लावून वाचायला बसते. कूलर आत, मी बाहेर. दाराशी खुर्ची टाकून मी ऐकतो. आई शेजारी बसून दाराखालची फट बुजवायला कापडाची लांब गुंडाळी शिवते आहे. माप मला घ्यायला सांगितलं, "आणि दोन वजा करू नकोस, ते मी करीन," असंही सांगितलं.

आज सकाळी कन्येचा फोन आला. हा सगळा प्रकार तिला कोणी सांगितला हे मी विचारणार नाही, घरात फितूर दोनच आहेत. ती नेहमीसारखी घाईत होती, मागे रस्त्याचा गलका होता.

"बाबा, एवढंच सांगायला केला फोन," ती म्हणाली. "बस मिळाली."

आत ध्वनिमुद्रण चालू होतं. म्हणून मी पाय न वाजवता, दोन खोल्या ओलांडून बाल्कनीत गेलो, बाल्कनीचं दार ओढून घेतलं आणि मगच मनसोक्त नाक शिंकरलं.

वरून काकांचा आवाज आला, "अरे, सांगितलं होतं ना मी! बेअरिंगच गेलंय!"